जुन्या ट्रकची पुढची काच आणि रबर: कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काच फुटलेली नाही. तक्रार पाण्याची आहे. गाडी धुतली की ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं होतं आणि मग कुबट वास मारत राहतं. मॅट उचलून पाहिलं तर खालचा पत्रा तांबूस पडलाय, अजून खाल्लेला नाही. पुढच्या दोन्ही काचा आणि त्यांची रबरं बदलायचीच आहेत. पण पाणी नेमकं कुठून येतं ते आधी पाहून घेतलं, कारण एकदा सगळं उघडलं की पुरावा जातो.

धार बारीक ठेवून पाइपने खालून वर असं पाणी सोडलं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि काहीच कळत नाही. भाचा आत बॅटरी घेऊन बसला. आतल्या बाजूने रबराच्या कडेला टाल्कम पावडर मारून ठेवली होती. तिच्यावर पाणी आलं की लगेच रेघ उमटते. खालच्या कडेवर धार धरली, काही नाही. बाजूंवर धरली, काही नाही. ड्रायव्हरकडच्या काचेच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर धार गेली आणि जरा वेळाने आतून हाक आली, "मामा, खाली आलं!" खाली म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, मधल्या खांबाशी. पाणी वर शिरतं, रबराच्या खाचेतून फिरतं आणि सगळ्यात सखल जागी बाहेर पडतं. आजवर जो कोणी खालच्या कोपऱ्याला काहीबाही फासत बसला, त्याने पाण्याची बाहेर जायची वाट तेवढी बुजवली.

दुसरी गळती काचेची नव्हतीच. वायपरची दांडी केबिनमधून जिथे बाहेर निघते तिथलं रबरी वॉशर वाळून चुरा झालंय. ते पाणी डॅशबोर्डच्या मागून थेट पायात उतरतं. नुसती काच बदलून मॅट कोरडं झालं नसतं.

७ जानेवारी

रचना लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. समोर दोन वेगवेगळ्या सपाट काचा आहेत, मध्ये पत्र्याचा खांब. प्रत्येक काचेला स्वतंत्र चौकट आणि स्वतंत्र रबर. चौकटीला आतल्या बाजूने पत्र्याची उभी कड आहे: बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्डिंग करून जोडलेले. रबराचा छेद आडव्या 'एच'सारखा. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत ही कड. बाहेरच्या तोंडावर तिसरी अरुंद खाच आहे, तिच्यात लॉक पट्टी. ती पट्टी ठोसून बसली की रबर फुगतं आणि काचेला आवळतं. चिकटवण्याचा प्रकार मुळात नाही. पकड सगळी रबराच्या दाबाची. आजकालच्या गाड्यांना काच युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवलेली असते, तिथे ही पद्धत चालत नाही आणि त्यांची पद्धत इथे चालत नाही.

जुनं रबर नखाने दाबलं तर दबत नाही. वाकवलं की आडव्या बारीक भेगा उघडतात, त्याही जिथे रबर ताणलेलं आहे तिथे जास्त, म्हणजे कोपऱ्यांवर. हे काम ओझोनचं. नैसर्गिक रबराच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात त्यांच्यावर हवेतला थोडासा ओझोनही हल्ला करतो, आणि ताण असेल तर भेग पसरत जाते. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत ते दुहेरी बंध नसतात, म्हणून ऊन-वाऱ्यात ते पुष्कळ टिकतं. नवं रबर ईपीडीएमचंच घ्यायचं, हे ठरलं.

८ जानेवारी

काढणी. वायपरचे हात, आरसा, वरचे सनशेड उतरवले. लॉक पट्टीचं एक टोक पेचकसाने उचलून ओढलं; निम्मी आली, निम्मी तुकड्यातुकड्याने. मग कटर ब्लेडने रबराचा बाहेरचा ओठ काचेला धरून सगळीकडून कापून टाकला. जुनं रबर वाचवण्याच्या भानगडीत काच आणि बोटं दोन्ही जातात. हातमोजे आणि चष्मा घालून आतून वरच्या दोन कोपऱ्यांवर तळव्यांनी सारखा दाब दिला. बाहेर भाचा धरायला उभा होता. क्लीनरकडची काच सरळ बाहेर आली. ड्रायव्हरकडची येईना.

कारण सिलिकॉन. कोणीतरी कधीतरी अख्खी ट्यूब आत रिकामी केली होती. पातळ तार आत घालून, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधून, करवतीसारखी ओढत कापावं लागलं.

बाहेर काढल्यावर दोन्ही काचांच्या कडा शेजारी धरल्या आणि उलगडा झाला. क्लीनरकडची लॅमिनेटेड आहे: कडेला दोन काचा आणि मधली पारदर्शक फिल्मची रेघ स्पष्ट दिसते, जाडी साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. ड्रायव्हरकडची एकसंध, ५ मिलिमीटर, टफन, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेली. पोलराइज्ड गॉगल लावून पाहिलं तर तिच्यावर काळपट ठिपके दिसतात. टफन करताना गार हवेचे झोत बसतात त्यांच्या त्या खुणा. म्हणजे मधे कधीतरी काच फुटली, हाताला लागली ती बसवली, साडेसहाच्या खाचेत ५ची. उरलेली दीड मिलिमीटर फट सिलिकॉनने भरली. गळतीचं मूळ हे.

गळती सोडून दिली तरी टफन काच समोर नकोच. ती फुटते तेव्हा अख्खी एकाच क्षणी बारीक दाण्यांची होते आणि चालत्या गाडीत समोरचं दिसणं बंद होतं. लॅमिनेटेडला तडा जातो, पण तुकडे फिल्मला धरून राहतात. ही कल्पना फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांची. १९०३ मध्ये त्यांच्या हातून एक फ्लास्क पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता, असं सांगतात. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. सुरुवातीचा सेल्युलॉइडचा थर उन्हाने पिवळा पडायचा. १९३०च्या दशकाच्या शेवटी पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म आली आणि ती आजही चालते. आमच्या क्लीनरकडच्या काचेचा खालचा कोपरा दुधाळ झालाय तो या फिल्मच्या कडेतून ओल शिरल्यामुळे. तोही रबरात साचलेल्या पाण्याचाच प्रताप.

११ जानेवारी

सिलिकॉन खरवडणे. दुसरं काही नाही. प्लॅस्टिकची पाती, मग ब्लेड, मग पुसणं, मग पुन्हा. त्याचा पातळ थर जरी राहिला तरी वर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि उघड्या लोखंडावर ते काय करतं ते या कडेवर दिसलंच. काचेच्या कामात सिलिकॉन हा माझ्या मते सगळ्यात महाग शॉर्टकट आहे. आज लावणाऱ्याला काही नाही, पुढच्याची कंबर मोडते.

१२ जानेवारी

ग्राइंडरला वायर ब्रश लावून चौकटी साफ केल्या. वरची कड आणि बाजू ठीक, नुसता वरवरचा गंज. खालच्या कोपऱ्यांत टोच्या मारून पाहिला तर ड्रायव्हरकडे मधल्या खांबापाशी तो आरपार गेला, बोटभर लांबीत. क्लीनरकडे चाळण नाही पण पत्रा निम्मा झालाय. माती, शेवाळ आणि जुना रंग यांचा लगदा खाचेत बसलेला होता, तो स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत गेलेलं पाणी तर सुकतच नाही.

काचेचं काम म्हणून सुरू केलं, पण खरं काम या कडेचं आहे. रबर कितीही उत्तम आणा, ते ज्याला धरणार तीच कड खाल्लेली असेल तर ते धरणार कशाला?

१५ जानेवारी

वेल्डिंग. गॅरेजमधल्या मिस्त्रींना बोलावलं, पातळ पत्र्याला त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी बरा. आधी बॅटरीची वायर काढली, डॅशबोर्डवर ओलं गोणपाट टाकलं, पाण्याची बादली जवळ. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापला. १ मिलिमीटरच्या पत्र्यातून ठिगळ कापून ते कडेला कड लावून बसवलं, एकावर एक चढवून नाही. चढवलं असतं तर तिथे कडेची जाडी ३ झाली असती, आणि रबराची खाच २ची आहे. तिथे रबर उचललं जाऊन दोन्ही बाजूंना फट राहते. मागे तांब्याची पट्टी धरली म्हणजे पत्रा वितळून गळत नाही. मिस्त्री एक टाका इथे, दुसरा दूरच्या टोकाला, असं फिरत राहिले. "एका जागी थांबलो की पत्रा नाचतो," म्हणाले.

घासून झाल्यावर व्हर्नियरने कडेची जाडी सगळीकडून मोजली. दोन-सव्वादोन. चालेल.

१६ जानेवारी

सपाट काचेला चौकटही सपाट लागते. पीळ असेल तर ती आज बसेल आणि पुढे पहिल्या मोठ्या खड्ड्यात तडकेल. तपासायची सोपी युक्ती: चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधायचे. मधोमध ते एकमेकांना जेमतेम टेकले तर पीळ नाही. मग वरचा दोरा खाली आणि खालचा वर घेऊन पुन्हा बघायचं, कारण एका बाजूचा पीळ पहिल्या वेळी दोऱ्यांच्या दाबात लपतो.

ड्रायव्हरकडच्या चौकटीत दोऱ्यांमध्ये फट दिसली. हातोडी उचलण्याआधी गाडी सपाट फरशीवर घेतली, कारण एक चाक उंचावर असलं तरी जुनी केबिन पिळते. फट निम्मी झाली. उरलेली वरच्या कोपऱ्यातल्या कडेची होती, कधीतरी मार बसून आत गेलेली. लाकडी ठोकळा मागे धरून हलक्या हाताने सरळ केली. नेमका तोच कोपरा जिथून पाणी शिरत होतं.

१८ ते २१ जानेवारी

रंगकाम, थोडक्यात. फॉस्फरिक ॲसिडचं गंजरोधक लावलं, खड्ड्यांतला गंज काळा पडला. ते पाण्याने धुऊन पूर्ण सुकवलं. ॲसिड उरलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट कडक होत नाही. मग इपॉक्सी प्रायमर, दोन पत्र्यांच्या सांध्यात सीम सीलर, आणि रंगाचे पातळ हात. कडेवर पुटी अजिबात नाही. पुटी दाबाखाली तडकते आणि जाडीही वाढवते. वरच्या पन्हाळीचा सांधाही सीलरने भरून घेतला, तिथून येणारं पाणी उगाच काचेच्या नावावर खपतं.

रंग हाताला सुकला तरी आतून कच्चा असतो. घाईने रबर चढवलं तर ते रंगाला चिकटून बसतं. थांबलो.

२४ जानेवारी

रबर. जुन्या रबराचा दोन बोटं तुकडा सरळ ठिकाणाहून, लॉक पट्टीसकट, कापून ठेवला होता. तो सोबत नेला आणि छेदाला छेद लावून निवडलं. पाहायच्या गोष्टी म्हणजे काचेची खाच, कडेची खाच, दोन खाचांमधल्या भिंतीची जाडी आणि ओठांची लांबी. लोक फक्त बाहेरून दिसणारी रुंदी बघतात. मधली भिंत जाड निघाली तर काच चौकटीत मावत नाही, आणि पातळ निघाली तर सगळीकडे खिळखिळं.

कोपऱ्यांसकट साच्यात घडवलेलं अखंड रबर मिळत असेल तर डोळे मिटून तेच घ्यावं. या गाडीचं मिळालं नाही, म्हणून लांबीचं घेतलं. चौकटीचे कोपरे गोलाकार आहेत, सुरकुती न पडता वळतं. जोड कोपऱ्यात घ्यायचा नाही, तिथे ताणाने तो उघडतो. मी वरच्या सरळ बाजूच्या मध्यावर घेतला, पन्हाळीच्या आडोशाला. रबर मोजापेक्षा टक्काभर जास्त कापलं, म्हणजे बसताना जोड दाबात राहतो. ब्लेड ओली करून एका झटक्यात काटकोनात काप, सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद), आणि हलू न देता दाबून धरणे.

२५ जानेवारी

काचेचं माप जुन्या काचांवरून घेतलं नाही. एक चुकीची होती आणि दुसरी दुरुस्त केलेल्या चौकटीत तशीच बसेल याचा भरवसा नव्हता. हार्डबोर्डचा साचा केला. चौकटीच्या कडेपासून कडेपर्यंतची उघडी जागा, त्यातून दोन्ही बाजूंची रबराची मधली भिंत वजा, शिवाय प्रत्येक बाजूला मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळीक. भिंत ५ची असेल तर काच उघड्या जागेपेक्षा सुमारे १२ ते १३ मिलिमीटर कमी. साच्यालाच रबर चढवून चौकटीत धरून पाहिला, चारी बाजूंना सारखी फट दिसेपर्यंत घासला. दोन चौकटी एकमेकींचं प्रतिबिंब असतात हा समज सोडून द्यावा. दोन साचे केले, दोन्हींवर 'बाहेर' असं लिहिलं.

काचवाल्याकडे लॅमिनेटेड शीटवर सुरक्षा काचेची छापील खूण आहे ना ते पाहून घेतलं. लॅमिनेटेड कापता येते: दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर चिरा, दोन्ही काचा मोडायच्या, मग मधली फिल्म ब्लेडने कापायची. टफन मात्र कापायला गेलं की संपली. ती आधी कापून, घासून, नंतर तापवलेली असते. कडा घासून त्यांची धार बोथट करून घेतली. धारदार कड रबराला आतून कापते आणि बारीकसा टवका पुढे तड्याची सुरुवात ठरतो.

२९ जानेवारी

बसवणी. रबर दुपारपर्यंत उन्हात ठेवलं, गार रबर हट्टी असतं. वंगण म्हणून साबणाचं पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत. ग्रीस, डिझेल, ऑइल काही नाही: ईपीडीएम खनिज तेलात फुगतं.

काच ब्लँकेटवर आडवी ठेवून तिच्याभोवती रबर चढवलं. मग कडेच्या खाचेत ५ मिलिमीटरची नायलॉनची दोरी पूर्ण फेरा घालून बसवली. दोन टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून वीतभर पुढे नेऊन आतल्या बाजूला लोंबती सोडली. कडेला आणि खाचेला भरपूर साबण. बाहेरून काच उचलून आधी खालची बाजू कडेवर टेकवली, दोन्ही बाजूंना अंतर सारखं केलं. भाचा बाहेर, मी आत.

"ओढतोय. माझ्या हातासमोर दाब, पुढे पळू नको."

दोरी काचेच्या मध्याकडे, कडेशी काटकोनात ओढायची. तिच्यामागे आतला ओठ कडेवरून टपटप आत येतो. बाहेरच्याने नेमक्या त्याच जागी तळव्याने दाबायचं, मुठीने नाही. खालची बाजू आली, मग एका बाजूने अर्धं वर, मग दुसऱ्या बाजूने अर्धं वर, शेवटी वरची. एकाच बाजूने पूर्ण फेरा मारला तर काच तिकडे सरकते आणि शेवटचा कोपरा कधीच बसत नाही. कोपऱ्यात ओठ दुमडला तिथे लाकडाच्या गुळगुळीत पातीने उलटवला. पेचकस या कामाला लांबच ठेवलेला बरा. लॅमिनेटेड काचेचा नाजूक भाग म्हणजे तिची कड.

क्लीनरकडची काच अशी सुखाने बसली. ड्रायव्हरकडची वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात अडली, दोरी पूर्ण आली तरी ओठ अर्धाच. जोर करण्याऐवजी काढून घेतली, रबर पुन्हा उन्हात, पुन्हा साबण. दुसऱ्या खेपेला बसली.

लॉक पट्टी दुसऱ्या दिवसावर ढकलली. तिला डोळा असलेलं हूक लागतं: डोळ्यातून पट्टी ओवायची, हूक खाचेत फिरवत पुढे न्यायचं, ते ओठ उघडत जातं आणि पट्टी मागे बसत जाते. पट्टी ताणून बसवायची नाही, ती नंतर आखडते आणि टोकांत फट पडते. उलट थोडी ढकलत जायची. तिचा जोड खाली घेतला, रबराच्या जोडासमोर येऊ नये म्हणून.

१ फेब्रुवारी

पाण्याची परीक्षा, पहिल्यासारखीच, खालून वर, पावडर मारून. क्लीनरकडे कोरडं. ड्रायव्हरकडे जुन्या खोडीच्या कोपऱ्यात पावडरीत केसाएवढी रेघ. तिथे बाहेरचा ओठ उचलून अरुंद नळीने न वाळणारं ब्यूटाइल सीलंट आत सोडलं, ओठ आणि पत्रा यांच्यामध्ये, हातभर लांबीत. बाहेर आलेलं लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसलं. हे सीलंट मऊच राहतं, केबिन पिळली तरी तुटत नाही आणि पुन्हा काच काढायची वेळ आली तर तार शोधावी लागत नाही. पुन्हा पाणी मारलं. कोरडं.

वायपरच्या दांड्यांची वॉशरं बदलली. ब्लेडही नवे घेतले. जुन्या ब्लेडमध्ये रुतलेली वाळू नव्या काचेवर पहिल्याच दिवशी कमान काढते.

५ फेब्रुवारी

दरवाजांची रबरं. आधी बसवलेलं रबर एवढं जाड होतं की दार आपटल्याशिवाय लागत नसे आणि बिजागरीच्या बाजूला तरी फट. नवं पोकळ, मऊ घेतलं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची: सगळीकडे सारखी अडकत आली पाहिजे. बिजागरीकडे ती सैल आली, तिथे बिजागरीतली एक पातळ पत्री काढली. खाली-वर होणाऱ्या काचेच्या खाचेतलं मखमली चॅनेलही गेलंय, मागवलं आहे.

९ फेब्रुवारी

भरधाव चालवून पाहिली. एका वेगानंतर मधल्या खांबाशी शिट्टी वाजायची. लॉक पट्टीच्या जोडावर टोक किंचित उचललेलं होतं. दाबून चिकटवलं, शिट्टी गेली. काच कुठे हलत नाही, आतून रबरावर हात ठेवला तर कंप सगळीकडे सारखा. मॅटखालचा पत्रा साफ करून प्रायमर मारला, मॅट अजून टाकलेलं नाही.

मागच्या काचेचं रबर गळत नाही, पण वरच्या ओठाला भेगा दिसायला लागल्या आहेत. तुकडा कापून मोजला: काचेची खाच ५ची आणि कड एकेरी पत्र्याची, १ मिलिमीटर. पुढचं उरलेलं रबर तिथे चालणार नाही. वेगळ्या छेदाचं शोधावं लागेल.